घोडीवरची गाडी

पुरुषांच्या हौशींचे ढोबळ दोन वर्ग पडतात: घरच्यांना आवडणाऱ्या आणि घरच्यांनी सोसायच्या. गुलाबाची कलमे करणारा, पेटी वाजवणारा, फार काय, दर रविवारी स्वतः मटण रांधणारा गृहस्थ पहिल्या वर्गात मोडतो. घरच्या घरी मोटार खोलणारा दुसऱ्या. त्याच्या बनियनला ग्रीजचा वास येतो, त्याच्या नखांकडे पाहुणे संशयाने पाहतात, आणि स्वयंपाकघरातली एखादी परात नाहीशी झाली की ती कुठे सापडेल हे घरात सर्वांना ठाऊक असते.

मी त्या दुसऱ्या वर्गातला. राहतो तळवलीला. नव्या मुंबईच्या नकाशात हे गाव शोधायला थोडे डोळे ताणावे लागतात. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे रबाळे-महाप्याच्या कारखान्यांची वसाहत. दुसऱ्या अंगाला घणसोलीच्या इमारती, आणि त्या ओलांडल्या की ठाण्याची खाडी. मधे हे जुने गावठाण. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आमच्या घरात शिंकवते. पण दारापुढे थोडे अंगण शिल्लक आहे, आणि त्या अंगणात आमची गाडी कधी चाकांवर, तर बहुधा घोडीवर उभी असते. घोडी म्हणजे गाडी उचलल्यावर तिच्या पोटाखाली द्यायची लोखंडी तिवई. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जो शिरतो त्याला धाडसी म्हणत नाहीत. त्याला दुसरा शब्द आहे. शेजारचे काका येता-जाता विचारतात, “पुन्ना गारी खोल्लीस?” मी हसतो. उत्तर त्यांना दिसतच असते.

गाडी आहे फियाट पालिओ, १.६. हिला वेगाची गाडी म्हटले तर परदेशी मोटारींचे भक्त हसतील. दिसायला ती पाच माणसांची साधी घरगुती गाडी. पण २००१ साली ती आपल्याकडे आली तेव्हा, मारुती ८०० मध्ये पन्नासाच्याही आत अश्वशक्ती होती. अशा काळात एवढ्याशा गाडीत १५९६ घन सेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवणे हा चक्क अविचार होता. लोकांनी तिचे पेट्रोल पिणे पाहिले आणि पाठ फिरवली. काही थोड्यांनी तिचे धावणे पाहिले आणि ते कायमचे फसले.

या घराण्यातली श्रीमंत बहीण म्हणजे फेरारी. २००२ साली सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. पुढे २००३ साली तिच्या आयातकराच्या माफीवरून देशभर गदारोळ झाला आणि अखेर एक कोटीवरचा तो कर कंपनीनेच भरला. २०११ मध्ये ती गाडी सुरतेला गेली. मला त्या फेरारीचा कधी हेवा वाटला नाही. जिचे बॉनेट उघडण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावासा वाटेल, ती गाडी माझ्या काय कामाची?

आमचीचे कूळ कुर्ल्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली, मग पद्मिनी, आणि त्याच कुर्ल्यातून पुढे पालिओ. तो संसार आता उठला आहे. २०१९ च्या सुमारास फियाटने आपल्या नावाच्या गाड्या इथे विकणे थांबवले. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. माहेर तुटलेल्या सासुरवाशिणीचे जसे सगळे सासरीच निभवावे लागते, तसे आमच्या गाडीचे झाले आहे. तिचा भाग मिळाला तर मिळाला, नाहीतर घडवायचा.

इथे तळवलीचा पत्ता उपयोगी पडतो. रस्ता ओलांडला की रबाळ्यात लेथवाले आहेत. एकदा पुढच्या चाकाच्या आर्ममधली झिजलेली स्लीव्ह घेऊन एकाकडे गेलो. त्याने ती बोटांत फिरवली आणि परत दिली. म्हणाला, “साहेब, झिजलेल्या मापाने बनवली तर नवी वस्तू जन्मतःच म्हातारी. न झिजलेली बाजू आणा, तिचे माप घेतो.” मी दुसऱ्या चाकाची बाजू खोलून नेली. इंजिनिअरिंगवरची पुष्कळ जाड पुस्तके मी चाळली आहेत. त्यांतले फारच थोडे या वाक्याइतके लक्षात राहिले.

घरच्या देखभालीत मर्दुमकी थोडी आणि पाहणे फार. पावसाळा संपला की मी गाडीखाली आडवा होऊन तिचे पोट टिकटिक वाजवून पाहतो, कारण खाडीची खारी हवा पत्रा आतून खाते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत बेमालूम राहतो. टायमिंग बेल्टची मुदत मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो. तो रबरी पट्टा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवतो. अशा बांधणीच्या बहुतेक इंजिनांत तो धावता-धावता तुटला की दोघे एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा चिवडा होतो. अलीकडे आणखी एक काम वाढले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणजे आपल्याच उसाचा मोठा वाटा. शेतकऱ्याला त्याने चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे, परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना हे पेय मानवत नाही. त्या मी सगळ्या बदलल्या.

फेरफारांचे प्रकरण नाजूक. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्यात पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करावी लागते. ही फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांची ५,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. तेव्हा माझे फेरफार मापात राहून होतात: तेच माप, पण टायर अधिक पकडीचे, तीच जागा, पण शॉक अ‍ॅब्सॉर्बर अधिक ताठ. गर्जणारा सायलेन्सर बसवायचा मोह बेकायदा तर आहेच. शिवाय आमच्या गल्लीत पाळण्यात मुले निजलेली असतात.

एवढे सारे सुरळीत चालले असता आमचे चिरंजीव यंदा अठरा वर्षांचे झाले आणि लायसन्स घेऊन आले.

“बाबा, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलला की दहा टक्के शक्ती वाढते म्हणतात.”

“म्हणतात,” मी म्हणालो.

टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा आपण होऊन ओढते तेवढेच जोर काढते. नुसत्या आकड्यांनी त्याची छाती फारशी रुंद होत नाही. पण हे मी त्याला सांगितले नाही. त्याऐवजी कागद दिला आणि विचारले, ताशी १०० च्या जागी ११० ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना किती जास्त उष्णता गिळावी लागेल? वेगाचा वर्ग, हे त्याला ठाऊक होते. एकवीस टक्के, त्याने सांगितले. साठाचे एकशेवीस केले तर? चौपट. मग तो बराच वेळ पुढच्या चाकाकडे पाहत राहिला.

मला भीती कशाची वाटत होती हे उघड आहे. गाडी मी वेगवान ठेवली होती माझ्यासाठी. आता ती चालवणार होता तो, रात्रीच्या रिकाम्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर, मी घरात झोपेचे सोंग घेऊन पडलेला असताना. किल्ली लपवून ठेवणे हा एक मार्ग होता. सौ.ला तोच पसंत होता. मी मुलाला गाडीखाली घेतले.

ब्रेकच्या तेलाला हवेतली वाफ शोषण्याची खोड असते. चौथ्या प्रतीचे तेल, ज्याला डॉट ४ म्हणतात, ते ताजे असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की तीच हमी १५५ अंशांवर येते. उकळले की बुडबुडे होतात, आणि पायाखालचे पेडल पोकळ होऊन खाली जाते. खाडीकाठी हे दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नये. ते बदलणे हे दोन माणसांचे काम. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून जुने तेल बाटलीत घ्यायचे, आणि पेडल सुटण्यापूर्वी निपल आवळायची.

“दाब.”

“दाबले.”

“धर. धरून ठेव. सोडू नकोस.”

तासभर आम्ही एवढेच बोललो. मग जागा बदलल्या. मी आत, तो चाकापाशी. बाटलीत काळपट तेलामागून मधासारखे स्वच्छ तेल येऊ लागले तेव्हा तो बाहेरून ओरडला, “आले!” आणि लगेच, मी काही म्हणायच्या आत, “सोडू नका, बाबा, धरून ठेवा!”

पुढच्या डिस्क नव्या बसल्या आहेत, मागच्या एका ड्रमचे काम बाकी आहे. सौ.ने सांगून ठेवले आहे की भाऊबीजेला ठाण्याला मामाकडे जायचे ते याच गाडीने, आणि चालवणार तो. तिने मत का बदलले हे मी विचारले नाही. त्या दिवशी मी पुढे बसायचे की मागे, एवढाच प्रश्न घरात अजून चर्चेत आहे.