दाखला कुठून आणणार?

आमच्या मोहल्ल्यात मुलीचं नाव शाळेतून काढलं की बायका एकच विचारतात, "कुठं ठरलं?" तीन वर्षांपूर्वी मी मुलीला सहावीनंतर आणि धाकट्याला तिसरीनंतर शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा मलाही हेच विचारलं गेलं. मुलगी अकरा वर्षांची होती. विचारणाऱ्यांचा मला राग आला नाही. शाळा सुटली की मुलगी लग्नाला आणि मुलगा गॅरेजला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गंगापूर रोडवर ज्याला 'होमस्कूलिंग' म्हणतात, त्याला दूधबाजारात शाळा सुटणं म्हणतात. त्यामुळे हा प्रयोग आमच्या घरात करायचा तर जबाबदारी दुप्पट, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

खरं तर घरी शिकणं आपल्याला नवीन नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एखादी उस्तानीबी असायची. दुपारी तिच्या ओसरीवर मुली कायदा घेऊन बसायच्या आणि कुरआन नाजरा पूर्ण करून उठायच्या. माझी दादी अशीच शिकली. पण तिची तालीम तिथंच थांबली. हिशोब, नकाशा, मराठी वर्तमानपत्र तिच्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणून आम्ही ठरवलं, ओसरी तीच ठेवायची, पण तालीम तिथं थांबू द्यायची नाही.

धडे आम्ही घरातूनच काढले. अपूर्णांक शिकवायला मी वारशाचे हिस्से घेतले. कुरआनात वारसांचे ठरावीक हिस्से सहाच आहेत : १/२, १/४, १/८, २/३, १/३ आणि १/६. एक माणूस वारला, मागे बायको, आई आणि एक मुलगा. बायकोला १/८, आईला १/६, उरलेलं मुलाला. मुलीने छेद २४ काढला आणि मुलाचे १७/२४ मांडले. मग तिला सांगितलं की, बीजगणिताला ज्याच्या पुस्तकावरून 'अल्जिब्रा' हे नाव मिळालं, त्या अल-ख्वारिज्मीने नवव्या शतकात त्याच पुस्तकाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्राच्या गणितांना दिला होता. तिने वही मिटली आणि विचारलं, "अम्मी, मग फुफ्फींना त्यांचा हिस्सा मिळाला का?" मिळाला नव्हता. हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या होत्या. मी तिला तसंच सांगितलं. घरी शिकवताना एक होतं, धडा पुस्तकात राहत नाही, घरावर येतो.

भूगोलासाठी किबला आहे. धाकट्याला वाटायचं किबला म्हणजे थेट पश्चिम. होकायंत्र आणि पृथ्वीगोल घेऊन बसलो. मक्का नाशिकच्या अक्षांशापेक्षा जेमतेम दीड अंश उत्तरेला आहे, तरी इथून किबला पश्चिमेच्या सुमारे नऊ अंश उत्तरेकडे येतो. गोलावर दोरा ताणून धरला तेव्हा त्याला कळलं, जवळचा रस्ता सपाट नकाशावरच्या सरळ रेषेसारखा नसतो.

पण शाळा फक्त धडे देत नाही. आपल्यापेक्षा वेगळ्या घरातलं मूल ती शेजारी बसवते. घरी शिकणारं आमचं मूल मोहल्ला, मकतब आणि नातेवाईक यांतच वाढलं, तर तालीम कितीही चांगली असो, ते अर्धवट राहील. म्हणून शहरातल्या चार घरांशी आम्ही मुद्दाम जोडून घेतलं. त्यांचीही मुलं घरीच शिकतात. रविवारी सगळे भेटतो. पांडवलेणीत मुलांनी ब्राह्मी अक्षरं शोधली. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत गेलो, तेव्हा आधी जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. "म्हणजे नाणी वितळवली नाहीत, फक्त नाव बदललं," एक मुलगा म्हणाला. रमजानमध्ये हीच मुलं आमच्याकडे रेशनची पाकिटं भरायला येतात. गणपतीत माझी दोघं त्यांच्याकडे असतात.

शाळा आणखी एक गोष्ट देते, दाखला. माझे सासरे पहिल्यापासून तेच विचारत होते, "शिकवशील तू, पण दाखला कुठून आणणार?" आम्ही पिंजारी, ओबीसी. महाराष्ट्रात ओबीसीच्या जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. सासऱ्यांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात 'पिंजारी' लिहिलेलं होतं, म्हणून माझ्या नवऱ्याचं काम झालं. कित्येक घरांत तिथं नुसतं 'मुसलमान' लिहिलंय आणि ती घरं आजही खेटे घालतायत. ज्यांच्या आजोबांचा शाळेतला एक शब्द नातवाला उपयोगी पडतो, त्यांना शाळा म्हणजे फक्त शिक्षण नसतं.

मुंबईच्या मालविका राज जोशीचं नाव मला अनेकांनी सांगितलं. आईने तिला सातवीत शाळेतून काढलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेत एमआयटीला गेली. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा दरवाजा तिला बंद होता, हे सांगणारे कमी. पदकं नसलेल्या मुलांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीचा फॉर्म भरता येतो. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. माध्यम मराठीही आहे, उर्दूही. शिक्षण हक्क कायदा मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतो, पण त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरच्या शिक्षणाला कायद्याने परवानगीही दिलेली नाही आणि बंदीही घातलेली नाही. अशा मोकळ्या जागेत उभं राहायचं तर कागद नीट हवेत.

म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येक आईला मी अभ्यासक्रमाआधी हेच सांगते. मूल शाळेतून काढण्यापूर्वी दाखला हातात घ्या. नाव, जन्मतारीख, जात, एकेक अक्षर तपासा. चूक असेल तर नाव रजिस्टरात आहे तोवर दुरुस्त करून घ्या. आणि घरात रोज चार तास देणारं कुणी नसेल, तर काढूच नका.

यंदा मुलीला चौदा पूर्ण होतील. फॉर्ममध्ये तिने मराठी, उर्दू, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र निवडलंय. सासऱ्यांनी तिचा जुना दाखला स्वतःच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. निकालाचा कागदही तिथंच ठेवायचा, असं त्यांनी तिला बजावलंय.