कर्मणी प्रयोगातला माणूस

पुस्तकावर लेखकाचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. शर्यतीच्या मोटारीवर मात्र नाव कारखान्याचे असते आणि लोकांच्या लक्षात राहतो तो चालक. ती मोटार ज्याने कागदावर रेखली, त्याचे नाव जाणकारांपुरतेच उरते. शाळेतल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर अभियंत्याचे आयुष्य कर्मणी प्रयोगात जाते: कर्ता वाक्यात असतो, पण क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. आम्ही शर्यतींचे शौकीन नव्हे. तरीही वित्तोरिओ यानो या इटालियन अभियंत्याची कारकीर्द आमच्या मनात गेली कित्येक वर्षे घर करून आहे, ती या कर्त्याच्या प्रश्नामुळे.

यानो जन्मले १८९१ साली, पिएमाँत प्रांतातल्या सान जॉर्जिओ कानावेझे या गावी. आईवडील हंगेरीतून आलेले. मूळ नाव व्हिक्टर यानोश. म्हणजे नाव बदलण्याची सुरुवात स्वतःपासूनच झाली. १९११ मध्ये ते तुरीनच्या फियाट कारखान्यात लागले आणि तिथेच शर्यतीच्या मोटारी घडवण्यात तयार झाले. १९२३ मध्ये, अल्फा रोमेओच्या वतीने शर्यती खेळणारे तरुण एन्झो फेरारी त्यांच्या घरी जाऊन थडकले आणि त्यांना मिलानला येण्यास राजी केले. थोड्याच महिन्यांत ‘पी२’ उभी राहिली. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे दोन लिटरांचे इंजिन आणि त्यात हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. १९२४ च्या ऑगस्टमध्ये तिने ल्याँ येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९२५ मध्ये अल्फाला जागतिक अजिंक्यपद मिळवून दिले. मात्र त्याच वर्षी मोंलेरी येथे ‘पी२’ चालवताना आंतोनिओ आस्कारी मारले गेले. यशाच्या जमाखर्चात खर्चाची बाजू आरंभापासूनच अशी होती.

१९३२ ची ‘पी३’ ही एकाच आसनाची मोटार. गिअरबॉक्समागेच शक्ती दुभागून एकेका मागच्या चाकाला स्वतंत्र दांड्याने पोचवायची, ही तिची युक्ती. १९३५ मध्ये न्यूर्बुर्गरिंगवर तात्सिओ नुव्होलारी यांनी याच, तोवर जुन्या झालेल्या मोटारीने मर्सिडीज आणि आउटो युनिऑन यांच्या कितीतरी बलाढ्य मोटारींना त्यांच्याच भूमीवर हरवले. शर्यतींच्या इतिहासात तो विजय नुव्होलारींचा म्हणून अमर आहे, आणि ते योग्यच आहे. पुढे १९३७ मध्ये यानोंची नवी बारा सिलिंडरांची मोटार अपयशी ठरली, आणि त्यांचे अल्फातले पर्व संपले. विजय चालकाच्या नावे लागला होता. पराभव मात्र कर्तरी प्रयोगात, थेट अभियंत्याच्या नावे लागला.

तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. ते तुरीनला परतले, लान्चियात. १९५० ची ‘ऑरेलिया’ ही व्ही-६ इंजिन घेऊन कारखान्यातून नियमित उत्पादनात आलेली पहिली मोटार. पुष्कळ ठिकाणी तिचे श्रेय सरसकट यानोंना दिलेले आढळते. वस्तुतः ते इंजिन फ्रांचेस्को दे विर्जिलिओ या सहकाऱ्याच्या अभ्यासातून, यानोंच्या देखरेखीखाली आकाराला आले. म्हणजे ज्याचे नाव इतरांच्या सावलीत गेले, त्याच्याही नावाची सावली कुणावर तरी पडतेच. आम्ही आयुष्याची बरीच वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरावर हात फिरवण्यात घालवली. छापील पानात आपले एखादे वाक्य ओळखीचे हसते. ते आपले, असे कुणाला सांगता येत नाही. पण ते वाक्य तरी निखळ आपले असते का? त्यातही आधीच्या कुणाची लकब मुरलेली असते. यानोंकडे केवळ अन्याय झालेला माणूस म्हणून आम्हाला पाहवत नाही, ते यामुळेच.

१९५४ ची ‘डी५०’ ही त्यांच्या विचाराची सर्वांत धीट कृती. व्ही-८ इंजिन हाच सांगाड्याचा भार वाहणारा भाग; ते तिरके बसवलेले, म्हणजे दांडा चालकाच्या बाजूने जातो आणि चालकाला खाली बसता येते; इंधनाच्या टाक्या दोन्ही बगलांना, चाकांच्या मधोमध, म्हणजे इंधन सरले तरी तोल ढळत नाही. तिचे प्रमुख चालक होते आल्बेर्तो आस्कारी, त्याच आंतोनिओंचे चिरंजीव. १९५५ च्या मे महिन्यात ते मोनॅकोत ‘डी५०’सह समुद्रात कोसळून बचावले, आणि चारच दिवसांनी मोंझा येथे एका फेरारीची चाचणी घेताना गेले. लान्चिया आर्थिक अडचणीत होतीच. जुलैमध्ये त्या मोटारी फेरारीच्या हवाली झाल्या, आणि पाठोपाठ यानोही. १९५६ मध्ये त्याच मोटारींच्या फेरारीने सुधारलेल्या रूपात फांजिओ जगज्जेते झाले.

त्याच वर्षी एन्झो फेरारी यांचा मुलगा दिनो चोविसाव्या वर्षी वारला. त्याच्या आजारपणात वडील आणि यानो त्याच्याशी नव्या व्ही-६ इंजिनाची चर्चा करत. यानोंनी घडवलेल्या त्या इंजिनाला दिनोचे नाव मिळाले. १९५८ मध्ये माइक हॉथॉर्न त्याच्या बळावर जगज्जेते झाले. काही वर्षांनी यानोंच्याही वाट्याला पुत्रशोक आला. स्वतःही आजारी असलेल्या यानोंनी मार्च १९६५ मध्ये तुरीनला आपल्या हाताने आयुष्य संपवले. एका बापाने आपल्या मुलाचे नाव यंत्रात जपून ठेवले. ते यंत्र ज्याने घडवले, त्याच्या मुलाचे नाव कोणत्याच यंत्राला नाही. या ठिकाणी आमचा व्याकरणाचा खेळ थांबतो.

त्या दिनो इंजिनाचा वंश मात्र पुढे चालला. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी लागोपाठ तीन वर्षे जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवणाऱ्या ‘स्त्रातोस’ मोटारीत तेच धडधडत होते. ते फेरारीहून आलेले, दिनोच्या नावाने ओळखले जाणारे. आणि मोटार होती लान्चियाची. यानो ज्या दारातून बाहेर पडले होते, त्याच दारातून त्यांचे काम, दुसऱ्याच्या नावाने का होईना, पुन्हा आत आले होते.