मामाची होडी आणि हॉस्टेलची टाकी

फायनल इयरला 'प्रोजेक्ट काय घेतलास?' या प्रश्नाला आमच्या विंगमध्ये दोनच उत्तरं मिळतात : 'सिनियरचाच' किंवा 'बघू'. आमच्या ग्रुपला मात्र विषय आयता मिळाला आणि तोही खऱ्या गिऱ्हाइकासकट. माझा मामा देवबागला राहतो. मालवणच्या दक्षिणेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधली चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. तिथे तो वीस पर्यटकांची फायबरची होडी चालवतो. तिचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन एवढं बोंबलतं की डॉल्फिन दाखवायला मामाला हातवारे करावे लागतात. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की मोटर-बॅटरी बसवली आणि वर एक जनरेटर ठेवला की आवाज बंद, डिझेलही कमी. कर्ज काढायची तयारी करूनच त्याने फोन केला, "झिला, जनरेटर केवढो घेवचो, तेवढां सांग."

तेवढंच सांगायला आम्हाला दोन सेमिस्टर लागली.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत झाली. मामाच्या होडीत माणसांऐवजी वाळूची पोती भरली, दुसऱ्या होडीने ती दोरीने ओढली आणि दोरीत ताणकाटा अडकवला. मोबाइलच्या जीपीएसवर ५ नॉट वेग असताना काटा ८० किलोच्या आसपास नाचत होता. ८० किलोची ओढ, सेकंदाला अडीच मीटरपेक्षा किंचित जास्त वेग, म्हणजे साधारण २ किलोवॅट. पंखा त्यातली निम्मी ताकद पाण्यात घुसळून वाया घालवतो, म्हणून शाफ्टवर ४, आणि मोटर-कंट्रोलरचा तोटा धरून बॅटरीतून ५ किलोवॅट. वेग वाढला की ताकद घनाच्या पटीत वाढते, म्हणून ६ नॉटला हाच आकडा साडेआठच्या पुढे जातो. प्रवाह आणि वाऱ्यासाठी थोडं हातचं राखून मोटर १० किलोवॅटची ठरवली.

"मोटर १० ची, मग जनरेटर निदान १२ चा हवा," हे आम्हाला लॅबमध्ये ऐकवलं गेलं, दुकानदाराने ऐकवलं आणि मेसच्या टेबलावर तर सर्वांनीच. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाच्या बाबतीत हे बरोबर आहे. तिथे डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्याची वीज थेट चाकांच्या मोटरना जाते. मधे साठा नाही, म्हणून जेवढी मोटरची भूक तेवढा जनरेटर हवाच. होडीत मात्र मधे बॅटरी आहे. मित्रहो, आपल्या हॉस्टेलची टाकी आठवा. सकाळी सात वाजता चारही मजल्यांचे नळ एकदम सुटतात, म्हणून कोणी तेवढ्या ताकदीचा पंप बसवत नाही. छोटा पंप रात्रभर पाणी चढवत राहतो. पंपाचं माप दिवसाच्या एकूण पाण्यावरून ठरतं, सातच्या गर्दीवरून नाही.

म्हणून आम्ही दिवसाचा हिशेब मांडला. एक फेरी तासाची, म्हणजे ५ युनिट. सीझनला दिवसाला सहा फेऱ्या, म्हणजे ३० युनिट. बॅटरी घेतली ४८ व्होल्टची, लिथियम फॉस्फेटची, २०० ॲम्पिअर-अवरच्या दोन बँका. मिळून २० युनिट, त्यातली १६ बिनधास्त वापरायची. उरलेल्या १४ युनिटांची सोय दिवसभरात करायची. त्याला १२ किलोवॅटचा धूड कशाला? ५ केव्हीएचा, म्हणजे ४ किलोवॅटचा जनरेटर पुरतो. चार्जरमधून ३ किलोवॅट बॅटरीत गेले तर पावणेपाच तास. मोठा जनरेटर तेवढ्याच चार्जिंगसाठी पाव लोडवर गुरगुरत बसला असता. डिझेल इंजिनाला असं उपाशी चालवणं मानवत नाही. इंधन नीट जळत नाही, सिलिंडरला काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळं तेल गळू लागतं. लेड-ॲसिड बॅटरी आम्ही याच कारणाने नाकारली. शेवटचे २० टक्के भरताना ती करंट थेंबथेंब घेते आणि तेवढा वेळ जनरेटर फुकट चालतो.

चार्जर पाहताना आणखी एक गोष्ट बघायची. स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असतो. त्यावर ५ केव्हीएतून ३ किलोवॅटच खेचता येतात आणि जनरेटर त्यातच दमतो. चार्जरवर पैसे वाचवू नयेत.

आता मामाला न आवडलेला भाग. त्याचं इंजिन फेरीला २ लिटर डिझेल पितं, बाटली लावून मोजलंय. छोटा जनरेटर लिटरमागे सुमारे २.७ युनिट वीज देतो. चार्जर आणि बॅटरीत थोडी गळाली की एका फेरीला डिझेल लागतं २.२ लिटर. म्हणजे वाढलंच! नुसत्या जनरेटरवर होडी हाकायची असेल तर हायब्रिड घेऊच नये, आहे ते इंजिन बरं. फायदा आहे तो रात्री घरच्या विजेवर भरलेल्या १६ युनिटांत. मामाचं घर खाडीच्या काठावरच आहे. रात्री दोन्ही चार्जर कमी करंटवर ठेवले की १५ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर सकाळपर्यंत बॅटरी भरते. १८ युनिट वीज लागते आणि साडेसहा लिटर डिझेल वाचतं. धंद्याचा वीजदर धरला तरी हिशेब फायद्यातच राहतो. फक्त ईएलसीबी हवाच, आणि किनाऱ्याच्या अर्थिंगमुळे पंखा-शाफ्ट गंजू नये म्हणून गॅल्व्हानिक आयसोलेटर.

वीज गेली तर? मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवणकडे ती किती दिवस नव्हती हे मामाला विचारा. म्हणून छतावर २ किलोवॅटची सोलर पॅनेल्स. ऊन चांगलं असेल तर दिवसाला ६ युनिट धरा, जनरेटरचे दोन तास तरी वाचतात. केरळात जानेवारी २०१७ मध्ये वैकमला सुरू झालेल्या 'आदित्य' या ७५ प्रवाशांच्या फेरीबोटीवर २० किलोवॅटची पॅनेल्स आहेत, पण तिचं छतही तेवढं आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोने धक्क्यावर झटपट चार्जिंगची सोय केली आणि अडीअडचणीला बोटीवर जनरेटर ठेवला. आपल्या जेट्टीवर साधा प्लग मिळाला तरी पुष्कळ.

थेट ४८ व्होल्ट डीसी देणारे जनरेटरही मिळतात, त्यांना चार्जरच लागत नाही. कागदावर तेच सरस. पण सीझनमध्ये तो बंद पडला तर मालवणात उघडणार कोण? २३० व्होल्टचा साधा डिझेल जनरेटर कुठलाही मेकॅनिक उघडतो. माझं मत त्यालाच.

सगळं ऐकून मामाने एकच प्रश्न विचारला, जो आमच्या एकाही रिव्ह्यूत कोणी विचारला नव्हता. "तां सगळां खरां रे, पण मधेच बॅटरी मेली तर माणसां घेवन घराक येतलंय कसो?" संगमावर, जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे ओहोटी होडीला बाहेर ओढते. म्हणूनच बँका दोन आहेत आणि प्रत्येकीची बीएमएस वेगळी. एक बंद पडली की चेंजओव्हरने दोन्ही चार्जर दुसरीवर टाकायचे. ती रिकामी असली तरी जनरेटरच्या ३ किलोवॅटवर होडी ४ नॉटच्या थोडी वर चालते. ओहोटीचा प्रवाह २ नॉटचा धरला तर निम्मा वेग हातात उरतो. जनरेटर ४ किलोवॅटपेक्षा लहान घ्यायचा नाही, ते यासाठी. चार्जिंगपुरता तर अडीचचाही कसाबसा चालला असता.

मामाने मान डोलावली. कर्जाचा अर्ज पाच केव्हीएचाच गेलाय. जुनं इंजिन मात्र त्याने विकलेलं नाही. ताडपत्रीत गुंडाळून पडवीत ठेवलंय, म्हणाला एक सीझन जाऊ दे.