मोठा ‘आय’, लहान ‘आय’

मध्यंतरी पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज तपासण्यासाठी माझ्यापुढे ठेवला. मराठीच्या प्राध्यापकाने इंग्रजी अर्ज तपासावा, यातच आमच्या महाविद्यालयाची सारी कथा आली. पण ते असो. अर्जात व्याकरणाच्या चुका फारशा नव्हत्या. खटकले ते निराळेच. ‘सर’, ‘प्रिन्सिपल’, ‘कॉलेज’, ‘ऑफिस’ हे शब्द वाक्यात कोठेही आले तरी त्यांचे पहिले अक्षर मोठे होते. स्वतःसाठी योजलेला ‘आय’ मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लहान होता. मी सवयीने तांबड्या शाईने सगळे ‘आय’ मोठे केले. तिने विचारले, “सर, मराठीत ‘मी’ कुठं मोठा असतो? मग इंग्रजीतच का?”

“नियम आहे,” मी म्हणालो. उत्तर ठाऊक नसले की शिक्षक नियमाच्या आड उभा राहतो, हे वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांना वेगळे सांगायला नको.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटले. चार रेघांच्या वहीत आधी पहिली एबीसीडी, मग दुसरी, मग वळणदार तिसरी आणि चौथी. एकाच अक्षराला इतकी रूपे कशासाठी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पडला असता तरी विचारण्याची प्राज्ञा नव्हती. देवनागरीत अक्षर एकदा गिरवले की ते रावाच्या नावातही तेच आणि रंकाच्या नावातही तेच.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी थोडे वाचन केले. रोमन लोकांनी दगडावर कोरलेली अक्षरे म्हणजे आजची मोठी अक्षरे. लहान अक्षरे हस्तलिखितांतून हळूहळू घडत गेली, आणि आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात त्यांना एक सुघड, एकसारखे वळण मिळाले. पुढे छापखान्यात खिळ्यांच्या दोन पेट्या आल्या; वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे या पेट्यांवरूनच पडली. वरचे आणि खालचे ही वाटणी अशी जुळाऱ्याच्या हाताच्या सोयीतून निघाली, मानापानातून नव्हे.

नियमही वाटतो तितका जुना किंवा अढळ नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी छपाईत सामान्य नामेही मोठ्या अक्षराने सुरू करण्याची पद्धत होती. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेच्या मूळ प्रतीत ती आजही दिसते. जर्मनने ही पद्धत राखली, डॅनिशने १९४८मध्ये सोडली. आणि ‘आय’? जुन्या इंग्रजीतील ‘इच्’ झिजत झिजत एका अक्षरावर आला. हाताने लिहिलेल्या मजकुरात ती एकुलती बारीक रेघ हरवून जाई, म्हणून लेखनिक ती लांबवू लागले, असे सांगितले जाते. तेव्हा इंग्रजांचा ‘मी’ मोठा झाला तो अहंकाराने नव्हे. तो लिहिणाऱ्याच्या गर्दीत दिसेनासा होत होता, म्हणून.

मात्र सोयीतून निघालेल्या गोष्टींना मान चिकटतो, आणि मग त्यासाठी भांडावे लागते. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १८९९च्या आपल्या ग्रंथात ‘नीग्रो’ हा शब्द आपण मोठ्या ‘एन’ने लिहिणार, असे तळटीप देऊन बजावले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो मोठा ‘एन’ स्वीकारला १९३०मध्ये. पुढे शब्द बदलला, भांडण तेच राहिले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने वंशवाचक ‘ब्लॅक’ मोठ्या ‘बी’ने लिहिण्याचे ठरवले ते २०२०च्या जूनमध्ये. एका अक्षराची उंची वाढायला इतकी वर्षे लागतात. याच समाजातील विदुषी बेल हुक्स (१९५२–२०२१) यांनी पणजीचे नाव लेखनासाठी घेतले आणि ते जाणीवपूर्वक लहान अक्षरांत लिहिले. वाचकाचे लक्ष लेखिकेकडे नव्हे तर लेखनाकडे जावे म्हणून. मोठे अक्षर मागणे आणि मिळालेले मोठे अक्षर आपण होऊन खाली ठेवणे, या दोन्ही कृती स्वाभिमानाच्याच. माझ्या विद्यार्थिनीचा लहान ‘आय’ यांपैकी कशातच बसत नव्हता, आणि तेच मला सलत राहिले.

याच सुमारास एका चर्चासत्रासाठी मी निबंधाचा इंग्रजी सारांश पाठवला होता. छापून आला तेव्हा त्यात ‘युनिव्हर्सिटी’ मोठ्या अक्षराने होती आणि ‘दलित’ लहान ‘डी’ने. संपादकांना दोष द्यायला मी सरसावलो. मग माझीच मूळ प्रत पाहिली. तीही तशीच होती. वीस वर्षे दलित साहित्य शिकवणाऱ्या माझ्या मनात हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता, कारण मराठीत तो उद्भवतच नाही. आपली लिपी समतावादी आहे, असे मी वर्गात थोड्या अभिमानाने सांगतही असे.

पण लिपीत नाही म्हणून भाषेत नाही, असे थोडेच आहे? मराठीची मोठी अक्षरे क्रियापदात असतात. ‘आला’ आणि ‘आले’ यांत एका मात्रेचा फरक, आणि ती मात्रा कोणाला द्यायची हे आपल्याला न शिकवता येते. आमच्या विभागात नुकताच रुजू झालेला, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा सहकारी ‘आले’ असतो. निवृत्तीला टेकलेले शिपाई ‘आला’ असतात. हे वाक्य लिहिताना मी त्यांना ‘टेकलेले’ म्हणालो खरा, पण काल दुपारीच स्टाफरूममध्ये विचारले होते, “चहा घेऊन आला का तो?”

अर्ज इंग्रजीत पूर्ण झाल्यावर सोबतचे मराठी आत्मनिवेदन ती मुलगी विभागाच्या संगणकावर टंकित करत होती. रोमन कळफलकावरून उच्चारानुसार देवनागरी लिहिण्याची जी सोय आहे, तीत मोठा ‘एन’ दाबला की ‘ण’ उमटतो, लहान दाबला की ‘न’. तिच्या मजकुरात ‘पानी’ आले होते. मी मागे उभा होतो. बोट पुढे केले. तिने मुकाट्याने दुरुस्ती केली आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, “मोठा दाबला की तुमचा येतो सर, लहान दाबला की आमचा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. यंत्राचा एक नियम तिला उमगला होता, तो तिने सांगितला, इतकेच. मला मात्र काय बोलावे ते सुचले नाही. प्रमाणभाषा शिकवणे हे माझे काम आहे आणि ते मी सोडणार नाही; अर्जात ‘पानी’ राहिले असते तर ते तिलाच भोवले असते. पण प्रमाण शिकवता शिकवता आपण आणखी काय काय शिकवत असतो, याचा हिशेब माझ्याजवळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतले आणि इंग्रजी अर्ज पुन्हा समोर ठेवला. आदल्या दिवशी मी अर्धीच तपासणी केली होती. वाक्याच्या मध्ये आलेल्या ‘प्रिन्सिपल’, ‘कॉलेज’, ‘ऑफिस’ यांना, ती कोणाच्या वा कशाच्या नावाचा भाग नसतील तर, इंग्रजीचा नियमच लहान अक्षर देतो. म्हणजे जो नियम तिला स्वतःला उभे करायला सांगतो, तोच नियम आम्हा सर्वांना एक पायरी खाली उतरायला सांगतो. तिने नेमके उलटे लिहिले होते, आणि हे उलटे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

तांबडे पेन मी तिच्याच हाती दिले. ‘प्रिन्सिपल’ तिने चटकन लहान केला. ‘सर’पाशी मात्र ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली.

“कर,” मी म्हणालो. “नियम आहे.”