आत्तीचा वाटा

आमच्या सोसायटीतल्या एका बहुश्रुत गृहस्थांनी परवा मला मोठ्या कौतुकाने सांगितले, की लंडनमध्ये एक नामांकित खाणावळ आहे आणि तिथे जनावर नाकापासून शेपटीपर्यंत रांधून वाढतात. फर्गस हेंडरसन नावाच्या बल्लवाचार्याने १९९४ साली ‘सेंट जॉन’ नावाने ती काढली. भाजलेल्या नळीतला मगज पावाबरोबर खायला तिथे दूरदूरची मंडळी येतात म्हणे. “केवढी कल्पकता पाहा!” असे म्हणून त्यांनी चहाचा घोट घेतला. मीही मान डोलावली. मनात मात्र आमची आत्ती चुलीपुढे फतकल मारून बसली होती.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्या घराचा कणा होऊन राहिली. तिने लंडन पाहिलेले नाही. पुणे दोनदा पाहिले; आणि त्यातल्या दुसऱ्या खेपेची हकिकत सांगताना मला आजही मान खाली घालावी लागते.

आमचे गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठी. आषाढ लागला, नदीला नवे पाणी आले, की आमच्याकडे यात्रांना ऊत येतो. कोल्हापुरात त्र्यंबोलीच्या टेकडीवर नव्या पाण्याच्या घागरी वाजतगाजत जातात, आणि आमच्या गावी गल्लोगल्ली बकरी पडतात. चारपाच घरे मिळून एक बकरे घ्यायचे, आणि केळीच्या पानांवर त्याचे वाटे घालायचे. हे वाटे घालणे पाहण्यासारखे असे. मांडीचे मांस, बरगडी, नळी, काळजाचा तुकडा, वजडीचा तुकडा, सगळे प्रत्येक ढिगात पडलेच पाहिजे. वाटे घालणारा म्हातारा सोनाराच्या डोळ्याने ढीग न्याहाळी आणि इकडचा तुकडा तिकडे करी. तरी एखादा शेजारी कुरकुरेच!

त्या दिवशी घरात काही म्हणजे काही वाया जात नसे. काळजाचा पहिला तुकडा चुलीतल्या निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून, आम्हा पोरांच्या हातावर पडे. रक्त आधीच मीठपाणी घातलेल्या परातीत धरलेले असे. घटकाभरात ते दह्यासारखे थिजले, की उकळत्या पाण्यात शिजवून त्याच्या चौकोनी फोडी करायच्या आणि कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून परतायच्या. ही रक्ती. मुंडी आणि पाय जाळावर धरून केस जाळायचे, सुरीने खरवडून पिवळेधमक करायचे. पायांचा रस्सा बाळंतिणीसाठी आणि हाड मोडलेल्यासाठी राखून ठेवायचा.

पण सगळ्यांत कष्टाचे काम वजडीचे. बकऱ्याचे पोट म्हणजे वजडी. ती आधी रिकामी करून पाचसहा पाण्यांनी धुवायची. मग खरी परीक्षा असते ती गरम पाण्याची. पाणी कोमट असेल तर आतली काळी साल सुटत नाही. फार कढत असेल तर साल शिजून चिकटून बसते आणि मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. आत्ती पाण्यात बोट बुडवी, “आता!” म्हणे, आणि वजडी आत सोडी. वर काढून ओला चुना चोळायचा आणि सुरीच्या पाठीने खरवडायचे. दोन तासांनी त्या काळ्या गोळ्यातून टर्किश टॉवेलासारखी पांढरीशुभ्र वजडी बाहेर येई. आतडी काठीवर उलटी करून धुवायची ती वेगळीच. हे काम परसात बायकाच करीत. पुरुषांचे बकरे कापून झाले की काम संपले!

वजडी शिजायलाही मटणापेक्षा जास्त वेळ लागतो. कुकर नव्हते तेव्हा तीन तास सहज लागत. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, धने यांचे वाटण आणि वर कांदालसणाची चटणी घालून ते पातेले मंद जाळावर रटरटत राही. तोवर बाहेर पाहुण्यांच्या पंगती उठत, मग घरच्या पुरुषांची, मग आम्हा पोरांची. बायका बसत तेव्हा मटणाच्या पातेल्यात नुसता रस्सा आणि दोनचार हाडे उरलेली असत. वजडी मात्र तेव्हा कुठे शिजलेली असे. आत्ती भाकरी कुस्करून, डोळे मिटून ती खाई. “आत्तीला वजडी लई आवडती,” असे आम्ही सगळे म्हणायचो. माझाही तसाच ठाम समज होता.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, पुण्यात घर केले. शेजारपाजार सगळा सोवळा आहे असे नाही; कोंबडी बहुतेक घरी शिजते, पण ती कशी, तर हाडेदेखील काढलेली. अशा वस्तीत राहता राहता माझ्या नाकाला एक नवेच शहाणपण आले. गावाकडच्या जेवणाविषयी बोलायचे झाले तर मी तांबडा-पांढरा रस्सा इथवर येऊन थांबत असे. रक्ती आणि वजडी हे शब्द माझ्या तोंडून गेले ते गेलेच.

अशात एका आषाढात, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, आत्ती दारात उभी. चुलतभावाचा भाजीचा टेम्पो मार्केट यार्डात आला होता, त्यात बसून ती आली होती. हातात स्टीलचा उभा डबा, आणि वाटेत काही बाधू नये म्हणून त्याच्या झाकणावर कोळशाचा खडा बांधलेला. “तुझ्यासाठी आणलीया. पहाटं उठून साफ केली,” ती म्हणाली. चहा घेतला, मुलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हशीच्या धारेला घरी पोचले पाहिजे म्हणून तासाभरात निघूनही गेली. दोनशेतीस किलोमीटर आली ती एका डब्यासाठी.

त्या संध्याकाळी आमच्याच दिवाणखान्यात सोसायटीच्या समितीची बैठक होती. मी झाकण किलकिले केले मात्र, घरभर तो ओळखीचा वास सुटला. सौभाग्यवती म्हणाली, “थोडी चाखून तरी बघा. केवढ्या लांबून आणली आहे.” (ती पुण्याची, म्हणून हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.) पण मंडळी येऊ लागली होती. मी डबा ओल्या कचऱ्यात रिकामा केला. शेजाऱ्यांना वास लागू नये म्हणून वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत गुंडाळूनही टाकला. खिडक्या उघडल्या. उदबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. “कशी झाली होती रं?”

“झकास, आत्ती! पोरांनी बोटं चाटली. तुझ्या हाताची सर कुणाला नाही.” मी चांगले दोन मिनिटे बोललो.

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, “अरं, घाईत मीठच घालायचं राहिलं हुतं बघ. घरी येऊन पातेल्यातली खाल्ली तवा कळलं.” आणि मीच शरमेन म्हणून की काय, तिनेच मला वाट काढून दिली, “बरं हाय. शेरात मीठ कमीच खात्यात.”

तिने फोन ठेवला. मी किती वेळ तसाच बसून होतो कोण जाणे.

त्यानंतर काही महिन्यांनी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली निघालेले पुस्तक माझ्या हाती आले. मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांत काय शिजे आणि का शिजे, मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या कशा करीत, हे त्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या बांधवांना बजावले, त्यामागचा अपमानही ते वाचताना उमगतो. कुणाच्या ताटात काय पडावे, हे फार थोड्या वेळा जिभेने ठरवलेले असते. एका घरातल्या एका पंगतीतसुद्धा तेच चालते, हे माझ्या ध्यानात आले, आणि डोळे मिटून जेवणारी आत्ती पुन्हा समोर दिसू लागली.

पुढच्या आषाढात रजा काढून गावी गेलो. परसात आत्तीशेजारी पाट टाकून बसलो आणि म्हणालो, “मला शिकव.” पाण्यात बोट घालून मी “आता!” म्हटले ते चुकले, निम्मी साल चिकटून बसली. ती हसली, माझ्या हातातली सुरी घेतली आणि कोन कसा धरायचा ते दाखवले. खरवडता खरवडता मी विचारले, “आत्ती, तुला वजडी एवढी आवडायची?”

“आवडाय लागली,” ती म्हणाली. “ताटात दुसरं कधी येतच न्हवतं. मग रागानं खायची का गोडीनं, एवढंच माझ्या हातात हुतं. चांगली शिजवाय शिकले.”

डब्याचा विषय तिने काढला नाही. मला काढायचा होता. पुण्याहून निघाल्यापासून वाक्ये जुळवीत होतो. पण पातेले चुलीवर चढले, वाटण परतले, आणि तिने मिठाची बरणी उचलून माझ्यापुढे धरली.

“मीठ तू घाल,” ती म्हणाली. “म्हंजे दोघांच्याबी ध्यानात ऱ्हाईल.”

त्या दिवशी पंगतीला मी बसलो नाही. बायकांबरोबर, शेवटी जेवलो. मीठ जरा जास्तच झाले होते. आत्तीने दोनदा वाढून घेतले.