खास माझ्यासाठी बनवलेलं औषध

योनीतला कोरडेपणा, जळजळ, पुन्हा पुन्हा उलटणारा बुरशीचा संसर्ग ही दुखणी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. अमेरिकेतल्या कंपाउंडिंग फार्मसीने, म्हणजे रुग्णागणिक औषध वेगळं बनवून देणाऱ्या दुकानाने, ‘फक्त तुमच्यासाठी बनवलेलं क्रीम’ म्हटलं की ते मनाला का भिडतं, हे मला कळतं. कुणीतरी आपलं ऐकून घेतलं, असं वाटतं. तरीही माझं मत ठाम आहे: औषध वेगळं बनवून घ्यायचं तर त्याला नेमकं, प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येईल असं कारण हवं.

कारण असलं की हीच सोय किती मोलाची ठरते, ते बोरिक ॲसिडवरून दिसतं. कँडिडा ग्लाब्राटा ही बुरशी नेहमीच्या, अझोल गटातल्या बुरशीविरोधी औषधांना अनेकदा दाद देत नाही. तिथे अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड जिलेटिनच्या कॅप्सूलमधून रोज एकदा, तीन आठवडे योनीत ठेवतात. पांढरी पूड आणि रिकामी कॅप्सूल, एवढंच साहित्य. पण ही कॅप्सूल दिसते अगदी तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलसारखी, आणि गिळली तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात तर ती वापरायचीच नाही. डबीवर हे ठळक लिहिलेलं नसेल तर मी ती डबी घरात आणू देणार नाही. तसंच प्रोपिलीन ग्लायकॉलचं. काही तयार क्रीममध्ये ते असतं आणि काहीजणींना त्याने आग होते. त्यांना तेच औषध दुसऱ्या बेसमध्ये बनवून देणं योग्यच.

कोरडेपणावरच्या हार्मोनच्या क्रीमबाबत मात्र ‘शरीरातल्यासारखंच, नैसर्गिक’ हा युक्तिवाद मला पटत नाही. बीजकोषात तयार होणारं एस्ट्रॅडिऑल हे इस्ट्रोजेन मान्यताप्राप्त क्रीम, योनीत ठेवायची गोळी आणि रिंग या रूपांत मिळतंच. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०२०मध्ये कंपाउंड केलेल्या हार्मोनचे पुरावे तपासले. सुरक्षितता आणि परिणाम ठरवायला ते अपुरे आहेत, म्हणून ॲलर्जी किंवा वेगळ्या स्वरूपाची गरज असेल तेवढ्यापुरताच वापर ठेवावा, असं त्यांनी सुचवलं. क्रीममधून इस्ट्रोजेन किती शोषलं जातंय हे ठाऊक नसेल, तर गर्भाशयाच्या अस्तराला असलेला धोकाही जोखता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग सेंटरमधून गेलेल्या बुरशीदूषित औषधाने साठांहून अधिक माणसं दगावली, पण ती मणक्यात देण्याची इंजेक्शनं होती; क्रीमला तो निकष का लावायचा? धोका तेवढा नाही, हे मान्य. पण कंपाउंड केलेलं औषध विक्रीपूर्वी एफडीए या अमेरिकी औषधनियामक संस्थेच्या मंजुरीतून जात नाही, ही गोष्ट क्रीमलाही लागू आहे. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: डॉक्टर दोन मिनिटांत तीच ट्यूब पुन्हा लिहून देतात, मग बाईने जायचं कुठे? तिची तक्रार रास्त आहे. पण तिला आधी हवी असते ती तपासणी. संसर्ग उलटतोय तर योनीतल्या स्रावाचं कल्चर करावं, पीएच पाहावा, कोणती बुरशी आहे की बुरशी नाहीच, हे ठरवावं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा बिघाड, असेल तर बुरशीवरचं क्रीम कितीही खास बनवलं तरी त्यावर चालणार नाही.