कर्लीच्या पाण्यावर एक रात्र

आमच्या खालापूर तालुक्याला पाण्याचा तोटा नाही. पाताळगंगा दारावरून वाहते. १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारे पाणी तिच्यात येते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही आटत नाही. तरी गेल्या वीस वर्षांत आम्ही चौघे मित्र तिच्या काठावर निवांत असे कधी बसलो नाही. चौघेही शिक्षक. बी.एड.ला एकत्र होतो. दर दिवाळीच्या सुट्टीत कुठेतरी जायचे ठरायचे आणि दर वेळी काहीतरी आडवे यायचे. कधी पेपर तपासणी, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी घराचा स्लॅब, कधी मुलीचा निकाह. पुढच्या वर्षी नक्की, असे म्हणून विषय संपायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या पी.टी.च्या सरांना हृदयविकाराचा झटका आला. दोन स्टेंट बसले. अल्लाहच्या मेहरबानीने जिवावरचे टळले, पण ज्या माणसाने शेकडो मुलांना धावायला शिकवले तो शाळेचा जिना चढताना श्वास मोजू लागला. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली होती, मात्र सर घराबाहेर पडायला तयार नव्हते. गणिताचे सर मूळचे कुडाळकडचे. ते म्हणाले, "चढायचं नाही, चालायचं नाही, नुसतं बसायचं. अशी जागा आमच्याकडे आहे. तारकर्लीची हाउसबोट!" भाभींनी गोळ्यांची डबी आणि वेळा लिहिलेला कागद आमच्या हाती दिला. "भाईजान, यांना एकटं सोडू नका," एवढेच त्या म्हणाल्या.

खोपोलीहून पनवेल गाठले आणि मध्यरात्रीनंतर कोकणकन्या पकडली. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा झोपेतच मागे पडला. सकाळी कुडाळला उतरून रिक्षाने तारकर्लीला पोहोचलो.

हाउसबोट म्हटले की केरळ आठवते. तिकडे कुट्टनाडमध्ये भात वाहून नेणाऱ्या मोठ्या नावा होत्या, केट्टुवल्लम. खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून त्या बांधत. रस्ते आणि ट्रक आले तशी त्यांची मालवाहतूक संपली, मग त्यांच्यावर खोल्या चढवून त्या पर्यटकांसाठी वापरात आणल्या गेल्या. त्याच धर्तीवर आपल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला कर्ली नदीत हाउसबोटी आणल्या.

कर्ली सह्याद्रीतून येते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. देवबाग म्हणजे वाळूची एक लांब चिंचोळी पट्टी. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये माडांच्या सावलीत घरे. बोट संथपणे निघाली. दोन्ही काठांना कांदळवन, त्यात ध्यान लावून बसलेले बगळे, मधूनच निळा झपकारा मारणारा खंड्या. होडीत उभा राहून कोणी जाळे फेकत होता. पहिला तासभर आम्हाला नुसते बसणे जमेना. कोणी मोबाइल काढला, कोणी शाळेचा विषय. हळूहळू सगळे आपोआप गप्प झाले. शाळेची घंटा ऐकून ऐकून थकलेल्या कानांना ही शांतता नवीन होती.

जेवणाची काळजी नव्हती. मासळीला जबीहाचा प्रश्न येत नाही. सुरमई, तिसऱ्या, भात, सोलकढी. आचाऱ्याला आधीच सांगितले होते, म्हणून पी.टी.च्या सरांची सुरमई कमी तेलात, कमी मिठात आली. त्यांनी आमच्या ताटाकडे पाहून उसासा टाकला आणि बऱ्याच दिवसांनी सगळे हसलो.

त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ होती. सूर्य समुद्राकडे बुडाला आणि थोड्याच वेळात सह्याद्रीच्या बाजूने चंद्र वर आला. तांडेल म्हणाले, "पौर्णिमा इली, उधाणाची भरती येतली." त्यांचे भरती-ओहोटीचे गणित तिथीवर चालते. आम्ही हिजरी तारीख मोजली, चौदावी निघाली. चंद्र एकच, मोजणारे दोन!

मगरिब डेकवरच झाली. इशाच्या वेळी भरतीचे पाणी आत येत होते, म्हणून नांगरलेल्या बोटीचे तोंड समुद्राकडे होते. किब्लाही जवळजवळ त्याच दिशेला, मावळतीच्या थोडा उजवीकडे. मुसाफिर म्हणून दोन रकात कसर अदा केली. पी.टी.च्या सरांनी खुर्चीवर बसून केली.

रात्री एकच्या सुमारास जाग आली तर सर डेकवर बसलेले. आम्ही शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन महिने झाले, रात्री डोळे मिटायची भीती वाटते. उठलोच नाही तर? घरी कोणाला सांगितलं नाही." तीन महिने आम्ही रोज त्यांची तब्येत विचारत होतो आणि ते रोज "ठीक आहे" म्हणत होते. काय बोलावे आम्हाला सुचेना.

तेवढ्यात तांडेल नांगराचा दोर पाहायला आले. पाणी भरून थांबले होते. त्यांनी आम्हाला जागे पाहिले आणि म्हणाले, "आता पाणी फिरतला. बोट आपसूक वळतली. घाबरू नका, नांगर धरून आसा." आणि खरेच, काही वेळाने बोट सावकाश वळू लागली. चंद्र एका खांबाआडून दुसऱ्या खांबाआड गेला.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. डॉक्टर झाले, औषधे चालू आहेत, पथ्य चालू आहे. उंट तर बांधलेला आहे. आम्ही तेवढेच सरांना म्हटले. गणिताच्या सरांनी काही न बोलता गाद्या बाहेर आणल्या आणि चौघे तिथेच आडवे झालो. फज्रला सरांना हाका मारून उठवावे लागले.

पहाटे मुसल्ले उचलून उलट दिशेने अंथरावे लागले, कारण ओहोटीमुळे बोटीचे तोंड आता डोंगराकडे होते. जाग आल्याआल्या किब्ला शोधणारे सरच होते.

परतताना मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले. त्यांच्या आरमारात दौलतखान हे एक नामवंत अधिकारी होते, हे आमच्या मुलांना वर्गात अवश्य सांगावे असे वाटले.

आपण कुटुंबासह जाणार असाल तर आधी चौकशी करूनच निघा. पावसाळ्यात हा जलप्रवास बंद असतो. लाइफ जॅकेट मुलांनाच नव्हे, स्वतःलाही घाला. कुरआनने जमिनीवर फिरून पाहायला सांगितले आहे, पण आपण सहलीला चैन समजून पुढे ढकलत राहतो. आजारी माणसाला औषधाइतकीच सोबत लागते, हे आम्हाला वीस वर्षे उशिरा कळले.

घरी पोहोचताच सरांनी ती रात्रीची गोष्ट भाभींना सांगितली. आता ते फज्रनंतर पाताळगंगेच्या काठाने सावकाश चालतात. आम्हीही सोबत असतो.